भाड्याची क्रेन आणि हुकमाचा धनी



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकता, राजकारणावर ऐकता, नाटक-संगीतावर ऐकता. अशा थोर विषयांच्या पंक्तीत क्रेनने पाट मांडून बसावे याचे काहींना नवल वाटले असेल. आमच्या एका स्नेह्यांनी तर पत्रिका पाहून विचारले, "हा विषय व्याख्यानाचा की जाहिरातीचा?" त्यांना आम्ही एवढेच म्हटले की, संध्याकाळी घरून निघाल्यापासून सभास्थानी पोचेपर्यंत वाटेत किती क्रेन दिसतात ते मोजा, मग बोलू. ते मोजून आले आहेत, पाच झाल्या. त्या पाचांपैकी जिथे उभी होती त्या जागेच्या मालकाची एकही नसावी, आणि तिथे काम करणाऱ्या कंत्राटदाराचीही बहुधा एखाददुसरीच असावी. बाकीच्या भाड्याच्या. आपल्या डोक्यावरून टनावारी लोखंड फिरवणारी यंत्रे अशी चार दिवसांच्या पाहुण्यांसारखी शहरात येतात आणि जातात. त्यांचा धनी कोण, हा प्रश्न आम्हांला फार दिवस छळत आला आहे. आज तोच आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आधी नावांचा थोडा घोळ निस्तरू. इंग्रजीत या यंत्राला पक्ष्याचे नाव मिळाले, लांब मानेच्या क्रौंचाचे. आमच्या परिभाषाकारांनी क्रेनला 'यारी' असा नेटका शब्द दिला. पण साइटवर कोणी यारी म्हणत नाही, कारण तिथे यारीचा अर्थ दोस्ती एवढाच शिल्लक आहे. टायरांवर चालणारी आणि ओझे पुढे लटकावून नेणारी छोटी क्रेन म्हणजे 'हायड्रा'. माती उकरणारे यंत्र कोणत्याही कारखान्यात जन्मलेले असो, ते 'जेसीबी'. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या गृहस्थांनी १९४५ साली इंग्लंडात सुरू केलेल्या धंद्याची ही आद्याक्षरे आज आपल्या खेड्यापाड्यांतील पोरांच्या तोंडी आहेत. जेसीबी चालू झाला की भोवती जी गर्दी जमते, तेवढी गर्दी आज या सभागृहात आहे की नाही याची आम्हांला शंकाच आहे.

असो. ही यंत्रे लोक विकत का घेत नाहीत? उत्तर सोपे आहे. एका पवनचक्कीचे उदाहरण घ्या. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आपण पवनचक्क्या पाहिल्या असतील. उंच मनोऱ्याच्या डोक्यावर यंत्राची जड पेटी चढवायची, तिला पाती जोडायची, यासाठी प्रचंड क्रेन लागते. आणि पवनचक्की एकदा उभी राहिली की त्या क्रेनला तिथे काडीचे काम उरत नाही. कोट्यवधी रुपयांचे यंत्र चार दिवस राबवून बाकीचे वर्ष गंजत ठेवणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून एकाने क्रेन घ्यावी आणि दहांनी ती वापरावी, अशी व्यवस्था आली. हा धंदा आज केवढा झाला आहे हे पाहावयास लांब जायला नको. देशात क्रेन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांत जिचे नाव अग्रभागी घेतले जाते ती १९८९ साली स्थापन झालेली संघवी मूव्हर्स ही कंपनी पुण्याचीच आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधताना तर 'एशियन हर्क्युलीस' नावाची तरंगती क्रेन समुद्रमार्गे परदेशातून आणवावी लागली, आणि काम होताच ती आपल्या वाटेने परत गेली. भाड्याची व्यवस्था नसती तर या राज्यातील निम्मे पूल कागदावरच राहिले असते, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल. तेव्हा भाडे या गोष्टीविरुद्ध आमची तक्रार नाही.

आता हे भाडे ठरते कसे ते पाहू, कारण पुढची सारी कथा त्यातच दडली आहे. आपल्याकडे सर्वसाधारण रीत अशी की, महिना म्हणजे २६ दिवस आणि दिवस म्हणजे १० तास. २६० तासांचे ठोक भाडे. त्यापुढे प्रत्येक तासाला जादा आकार. क्रेन आणण्याचा आणि परत नेण्याचा खर्च वेगळा, आणि मोठ्या क्रेनच्या बाबतीत हा खर्चच डोळे पांढरे करणारा असतो. कारण ती सुटी करून अनेक ट्रेलरांवर लादून आणावी लागते आणि जोडण्यासाठी आणखी एक लहान क्रेन लागते. डिझेल बहुधा घेणाऱ्याचे. चालक आणि त्याचा मदतनीस हे क्रेनमालकाचे, पण त्यांच्या राहण्याजेवणाची सोय घेणाऱ्याकडे. यंत्र मालकाच्या दोषाने बंद पडले तर तेवढे भाडे कापायचे. घेणाऱ्याचीच तयारी नसल्यामुळे ते उभे राहिले तर भाडे चालूच. आणि या साऱ्याची नोंद एका कागदावर, ज्याला लॉगशीट म्हणतात. त्यावर संध्याकाळी साइटच्या इंजिनिअराची सही.

या कराराचा कागद आपण वाचलात तर त्यात रुपये, तास, डिझेल यांचा बारीकसारीक हिशेब सापडेल. पण ओझे उचलू नये असे कोणी ठरवायचे, याबद्दल त्यात अनेकदा अवाक्षर नसते.

भाड्याने घर घेतले की किल्ली आपल्या हाती येते. भाड्याने सायकल घेतली की हँडल आपल्या हाती येते. पूर्वी आपण टांगा करत असू. तेव्हा मात्र लगाम टांगेवाल्याच्या हाती राहत असे. आपण म्हणायचे, "शनिवारवाड्याला चल." घोड्याला चाबूक कधी मारायचा हे आपण सांगत नसू, आणि सांगितले असते तर त्याने ऐकलेही नसते. भाड्याची क्रेन ही या टांग्याच्या जातीची आहे.

हा दृष्टान्त आमचा असला तरी विचार आमचा नाही. तो इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४६ साली एका निकालात मांडला आहे. लिव्हरपूल बंदरात मर्सी डॉक्स मंडळाने आपली क्रेन चालकासह एका माल चढवणाऱ्या कंपनीला भाड्याने दिली. करारात स्वच्छ लिहिले होते की, क्रेनबरोबर येणारा चालक हा भाड्याने घेणाराचा नोकर समजला जाईल. काम चालू असता चालकाच्या हयगयीने एक माणूस जखमी झाला. त्याला भरपाई कोणी द्यायची? मंडळाने कराराकडे बोट दाखवले. चालकाला साक्षीत विचारण्यात आले तेव्हा त्याने मोठ्या बाणेदारपणे सांगितले की, आपण कोणाचेच हुकूम घेत नाही! न्यायाधीशांनी या उत्तराचे मर्म ओळखले. भाड्याने घेणारी कंपनी त्याला काय उचलायचे हे सांगू शकत होती. कसे उचलायचे, दांडे कसे फिरवायचे, हे सांगण्याचा अधिकार तिला नव्हता. तो अधिकार मंडळाकडेच राहिला होता, म्हणून भरपाईही मंडळानेच द्यावी असे ठरले. दोन पक्षांनी आपापसांत काहीही लिहून ठेवले, तरी ज्याच्या हातापायांवर लोखंड पडले त्या तिऱ्हाइताचा हक्क त्या लिखाणाने बुडत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न अपघाताच्या वाटेने आला तसा कराच्या वाटेनेही आला. १९८२ सालच्या शेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वस्तू 'वापरण्याचा हक्क' दुसऱ्याला देणे हे विक्रीसारखेच मानून त्यावर कर बसवण्याची मुभा राज्यांना मिळाली. मग क्रेन भाड्याने देणे ही विक्री की सेवा? हा वाद वर्षानुवर्षे चालला. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाला क्रेन पुरवणाऱ्या कंत्राटदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२४ रोजी निकाल दिला. क्रेन महामंडळाच्या कामाला जुंपलेली असली तरी तिचा ताबा, तिची माणसे आणि तिची देखभाल कंत्राटदाराकडेच राहते. म्हणून वापरण्याचा हक्क हस्तांतरित झाला नाही, असे न्यायालयाने म्हटले. लिव्हरपूलचा खटला नुकसानभरपाईचा, आपला कराचा. दोहोंमध्ये न्यायालयांनी शोधले ते एकच, ताबा कोणाचा.

कायद्याचे उत्तर असे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अडचण आहे ती साइटवर. तिथे 'काय' आणि 'कसे' यांच्यामधली रेघ रोज पुसली जाते. मालक शंभर कोसांवर, फोनवर. चालक बहुधा बिहारचा, उत्तर प्रदेशचा किंवा पंजाबचा पोरगा. पगार मालकाकडून, जेवण कंत्राटदाराकडून आणि हुकूम हातात वॉकीटॉकी असलेल्या प्रत्येकाकडून. "अजून दोन मीटर पुढे घे", "एवढे उचलून टाक, काही होत नाही", हे शब्द आम्ही किती वेळा ऐकले असतील त्याची गणती नाही. हे 'काय'चे हुकूम नव्हेत. हे 'कसे'चे हुकूम आहेत. आणि ते देणाऱ्याला बहुधा क्रेनचे गणित ठाऊक नसते.

ते गणित फार अवघड नाही. आपल्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांनी विहिरीवरची ओकती पाहिली असेल. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला पोहरा. क्रेन ही तशीच एक तराजू आहे. तिच्या अंगावर '१०० टन' असे लिहिलेले असते, आणि भाड्याने घेणारा तेवढेच वाचतो. पण हा आकडा असतो ओझे क्रेनच्या अगदी अंगाशी, मध्यापासून सुमारे ३ मीटरवर असताना. ओझे जसजसे लांब जाईल तसतशी तिची ताकद घटते. ५ मीटरवरचे १० टन आणि २५ मीटरवरचे २ टन यांचा उलथवण्याचा जोर सारखाच. शिवाय लांब केलेल्या बाहूचे स्वतःचे वजन आहेच. म्हणून लांब पल्ल्यावर शंभर टनी क्रेन चार-पाच टनांनाही दमून जाते. प्रत्येक क्रेनबरोबर याचे कोष्टक येते, त्याला लोड चार्ट म्हणतात. त्यातल्या आकड्यातून हुकाचे, साखळ्यांचे, दोरांचे वजन वजा करायचे असते, हेही कित्येक जण विसरतात. दोरांचीही एक गंमत आहे. ओझे दोन दोरांत अडकवले आणि दोर चांगले उभे असले तर प्रत्येकावर निम्म्याहून थोडा अधिक ताण येतो. तेच दोर पसरून आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करू लागले की प्रत्येकावर पूर्ण ओझ्याइतका ताण येतो. ओझे तेच, दोर तेच. बदलला तो फक्त कोन.

आणि पायाखालची जमीन! मोठी क्रेन उचलताना टायरांवर उभी राहत नाही, चार बाजूंना पाय पसरून त्यांवर उभी राहते. क्रेन आणि ओझे मिळून ४० टन झाले, तर प्रत्येक पायावर १० टन येतील असे आपणांस वाटेल. बाहू एका पायाच्या दिशेला वळला की त्या एका पायावर ३० टनही येऊ शकतात. पायाची थाळी अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद धरली, तर जमिनीच्या दर चौरस मीटरवर १२० टनांचा दाब झाला. काळ्या मातीचे नाव कशाला, चांगला मुरूमही याखाली कुरकुरेल. त्याच थाळीखाली दीड मीटर चौरस मजबूत लाकडी पाट घातला तर दाब साडेतेरा टनांच्या आत येतो. लाकडाच्या चार ओंडक्यांचा हा प्रताप! पण ते ओंडके आणण्याला अर्धा दिवस लागतो, आणि भाड्याचे घड्याळ तर चालू असते.

इथे आम्ही जे म्हणणार आहोत त्याकडे आपले विशेष लक्ष असावे. साइटवर उचलण्याच्या कामाचे ज्ञान एकाच डोक्यात कधीच नसते. जमिनीखाली जुनी मोरी कुठे आहे, भरावाची माती कुठे आहे, हे भाड्याने घेणाऱ्याला ठाऊक, क्रेनमालकाला नाही. क्रेनचा पोलादी दोर किती झिजला आहे, ओझे मर्यादेपलीकडे गेले की कोकलणारा सेफ लोड इंडिकेटर चालू आहे की बंद करून ठेवला आहे, हे क्रेनमालकाला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. आणि काल रात्री जादा पाळी झाल्यामुळे आपण चारच तास झोपलो, हे एकट्या चालकाला ठाऊक. आपल्या मालकीच्या क्रेनच्या बाबतीत ही तिन्ही ज्ञाने निदान एका छपराखाली असतात. भाड्याच्या क्रेनमध्ये ती तीन दरवाजांआड असतात, आणि प्रत्येकाला वाटते की उरलेले दोघे पाहत असतील.

अमेरिकेत मिलवॉकी शहरी १४ जुलै १९९९ रोजी काय झाले पाहा. बेसबॉलच्या नव्या क्रीडागाराचे छप्पर चढत होते. साडेचारशे टनांहून जड तुकडा 'बिग ब्लू' नावाच्या अजस्र क्रेनने उचलला. क्रेन आणि तिची माणसे बाहेरच्या एका कंपनीने पुरवली होती. दिवस वाऱ्याचा होता. क्रेनच्या अंगावर वारा किती लागेल याचा हिशेब झाला होता. त्या विस्तीर्ण छपराच्या तुकड्यावर वारा किती लागेल याचा झाला नव्हता. क्रेन कोसळली आणि दुसऱ्या क्रेनला टांगलेल्या पिंजऱ्यातून काम पाहणारे तीन लोहकामगार मृत्युमुखी पडले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे शाळेतल्या पुस्तकातही सापडते; पण छपराचा तुकडा एकाचा, क्रेन दुसऱ्याची, मग तुकड्यावरचा वारा कोणाचा?

मक्केच्या मशिदीत ११ सप्टेंबर २०१५ रोजी वादळात क्रेन पडून शंभराहून अधिक यात्रेकरू गेले, तेव्हा ती क्रेन ओझे उचलीत नव्हती. नुसती उभी होती. काम नसताना बाहू खाली घ्यावयाचा, ही निर्मात्याच्या पुस्तकातील सूचना पाळली गेली नव्हती. उभ्या यंत्राचीही कोणीतरी राखण करावी लागते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

आणि आपल्या दाराशी, शहापूर तालुक्यात सरलांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलावर ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर तुळया चढवण्याचे अवजड यंत्र कोसळले आणि वीस माणसे गेली. ते नेहमीच्या अर्थाने क्रेन नव्हते, आणि त्याची कारणे सांगत बसणे हा आमचा अधिकार नाही. मृतांत बहुतेक परराज्यांतून आलेले होते. महामार्ग पुरा झाला आहे. आपण त्यावरून जाल तेव्हा त्या जागी गाडीचा वेग कमी होण्याचे काहीच कारण नसेल. रस्ता सरळ आहे.

कायदे नाहीत असे मुळीच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातच असे होते की, उचलण्याचे प्रत्येक यंत्र बारा महिन्यांतून निदान एकदा जाणकार माणसाने कसून तपासावे आणि त्याची सुरक्षित मर्यादा त्यावर ठळक लिहावी. बांधकाम-मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला, १९९८ साली त्याचे नियम झाले. हे सारे आता व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत ओवले गेले आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली आहे. पण कायदा सांगतो ते यंत्र वर्षातून एकदा तपासायला. उचलण्याचा निर्णय दिवसातून पन्नास वेळा होतो.

एका साइटवरची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. दुपार टळता टळता वारा सुटला. काचेची मोठी तावदाने अकराव्या मजल्यावर चढवायची होती. चालकाने दोन तावदाने चढवली आणि तिसऱ्याला हात बाजूला घेतला, म्हणाला, "साब, अब नहीं होगा." तावदान शिडासारखे फिरत होते. साइटवरच्या साहेबांनी आरडाओरडा केला, मालकाला फोन लावला. मालकाने चालकाला समजावण्याचा प्रयत्न केला, पण तो क्रेनमधून खाली उतरून सावलीत जाऊन बसला. संध्याकाळी लॉगशीटवर त्या तीन तासांपुढे 'यंत्र बंद' असा शेरा पडला. यंत्र तर ठणठणीत होते! तीन तासांचे भाडे कापले गेले, आणि महिनाअखेर मालकाने तो चालक त्या साइटवरून काढून दुसरा पाठवला. दुसरा चालक गुणी होता. तो कधी नाही म्हणत नसे.

आम्ही हे कोणाच्या दुष्टपणाची कथा म्हणून सांगत नाही. साहेबांवर तारखेचा धाक होता. काच लावणाऱ्यांची टोळी रोजंदारीवर बसून होती. मालकाला पुढचे काम हवे होते. दोष कागदाचा होता. लॉगशीटवर 'काम चालू', 'यंत्र बंद' आणि 'काम नाही' असे तीनच रकाने होते. 'वाऱ्यामुळे थांबवले' असा चौथा रकाना नव्हता, आणि त्या तासांचे भाडे कोणी सोसायचे हे कोणी ठरवले नव्हते. जे ठरवले नाही ते दुबळ्याच्या अंगावर ढकलले जाते. तिथे सर्वांत दुबळा कोण होता, हे सांगायला नको.

आमची सूचना म्हणून अगदी साधी आहे. भाड्याच्या करारातच लिहावे की, अमुक वेगापलीकडे वारा गेला, जमीन खचू लागली, ओझ्याचे वजन कागदावर नसले, किंवा चालकाची विश्रांती पुरी झाली नसली, तर चालक उचलणार नाही. आणि त्या वेळेचे भाडे दोघांनी निम्मेनिम्मे सोसावे. निम्मेच का, तर मग दोघांनाही थांबण्यात थोडा तोटा राहतो आणि कोणा एकालाच चालकावर डोळे वटारण्याचे कारण उरत नाही. यावर एक अनुभवी क्रेनमालक आम्हांला म्हणाले, "मग चालक रोजच थकलेले निघतील." निघतील, काही दिवस निघतील. आळशी माणूस ओळखणे मुकादमाला अवघड नसते. थकलेला माणूस ओळखणेच अवघड असते, कारण तो ते लपवतो.

हुकूम एकाचा असावा, ही गोष्ट यंत्रांच्या आधीपासून या धंद्याला ठाऊक होती. ओझे बांधणाऱ्याला आपल्या साइटवर अजून 'खलाशी' म्हणतात; जहाजावरून उतरलेला हा शब्द. केरळात बेपूरचे मापिळा खलाशी या विद्येत वाकबगार. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमण येथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी तलावात कोसळले, शंभराहून अधिक माणसे गेली. ते डबे वर काढण्याच्या कामी आधुनिक क्रेन हतबल झाल्या तेव्हा याच खलाशांना बोलावले गेले, आणि त्यांनी दोर, कप्प्या आणि हाताने फिरवायचे रहाट यांच्या बळावर डबे ओढून काढले. ते एका म्होरक्याच्या हाकेवर ओढतात. वीस माणसांना वीस जणांनी हुकूम दिले असते तर तो डबा आजही तळाशी असता. आमच्या साइटवर क्रेन एक असते आणि म्होरके वीस!

आता हे आपणांस कशाला सांगावयाचे? आपण काही क्रेनचालक नव्हे. पण आपल्यापैकी पुष्कळ जण सोसायट्यांचे सभासद आहेत, कित्येक अध्यक्ष-चिटणीस आहेत, आणि शहरातल्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास धडाक्याने चालला आहे. उद्या तुमच्याच फाटकातून क्रेन आत येईल. तेव्हा विकासकाला तीन कागद मागा. यंत्र तपासल्याचा चालू वर्षाचा दाखला, चालकाचा परवाना, आणि आज काय उचलायचे, किती वजनाचे, किती लांबवर, याचा एक साधा आराखडा. तिसरा कागद बहुधा मिळणार नाही; म्हणूनच तो आवर्जून मागा. क्रेनचे पाय ज्या जागी टेकणार तिथे तुमच्या सोसायटीची जुनी पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक पुरलेला असेल, तर ते तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. ते आधी सांगा, लेखी सांगा. आणि फिरणाऱ्या बाहूच्या खालून शाळेची वाट जात असेल तर शाळा सुटण्याच्या वेळी बाहू त्या बाजूला वळणार नाही, एवढे कबूल करून घ्या. अर्ध्या तासाची ही गोष्ट आहे आणि तिला कोणी समंजस कंत्राटदार नकार देत नाही. आम्ही तरी पाहिलेला नाही.

शेवटी एक इशारा शिकवून आपली रजा घेतो. क्रेनला इशारे देणारा माणूस एकच असतो, आणि चालकाने फक्त त्याचेच ऐकायचे असते. वर घे, खाली घे, उजवीकडे वळ, हे सारे त्याच्याकडून. याला एकच अपवाद सर्वत्र मानला आहे. 'थांब' हा इशारा कोणीही देऊ शकतो, आणि तो कोणी दिला हे न पाहता चालकाने थांबायचे असते. हमालाने दिला तरी, चहा घेऊन आलेल्या पोराने दिला तरी. तो असा: दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर दोन बाजूंना सरळ पसरायचे, तळवे जमिनीकडे, आणि हात पुढे-मागे हलवायचे. ओरडून उपयोग नसतो, इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नाही. आणि उभे राहायचे ते चालकाला दिसेल अशा जागी, ओझ्याखाली नव्हे. समोर बसलेल्या काही मंडळींनी आत्ताच हात पसरून पाहिले. शेजाऱ्याला लागले असतील तर त्यांनी क्षमा करावी.